मतं मागून मिळावी अशी एक खुर्ची

मार्च २०१२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि मारेगाव (सोनबर्डी) या दोन गावांत संसदेची समिती येऊन गेली. वऱ्हाडाला समित्यांचं अप्रूप नाही. आत्महत्यांच्या आणि पॅकेजांच्या वर्षांत केंद्रीय पथकं, अभ्यासगट, आयोग असे कितीतरी येऊन गेले. गाड्या धुऱ्यावर थांबतात, साहेब वावरात उतरतात, पऱ्हाटीचं एखादं बोंड हातात घेऊन पाहतात आणि ताफा पुढच्या गावाला लागतो. पण ही समिती लक्षात ठेवावी अशी होती. ती शेतीविषयक संसदीय स्थायी समिती होती आणि तिचे अध्यक्ष बासुदेव आचार्य हे बंगालमधल्या बांकुऱ्याचे मार्क्सवादी खासदार होते.

भांबराजा आणि मारेगाव हीच गावं का, यालाही कारण होतं. २००८ मध्ये एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने या दोन गावांवर पानभर मजकूर छापला होता. बीटी कापसाने इथे सोनं पिकवलं आणि इथे आत्महत्या झाली नाही, असा त्याचा सूर होता. २०११ च्या ऑगस्टमध्ये, जैवतंत्रज्ञान नियामक विधेयक संसदेच्या दाराशी असताना, तोच मजकूर जाहिरात म्हणून पुन्हा छापून आला. समिती गावात पोहोचली तेव्हा लोकांनी खासदारांसमोर वेगळीच कहाणी मांडली. त्यात कर्ज होतं, बियाण्याचा आणि फवारणीचा खर्च होता आणि गेलेल्या माणसांचा हिशेबही होता.

९ ऑगस्ट २०१२ ला समितीचा सदतिसावा अहवाल संसदेत आला. जनुकीय बदल केलेल्या अन्नपिकांच्या शेतातल्या चाचण्या थांबवा आणि नियमनाची सगळी व्यवस्था नव्याने तपासा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. तेव्हा केंद्रात काँग्रेस आघाडीचं सरकार होतं, आणि समितीत त्या आघाडीचे खासदार होते तसे विरोधातल्या भाजपचेही होते. तरीही अहवाल एकमताने आला. सरकारची भूमिका एकीकडे आणि सरकारच्याच पक्षाच्या खासदारांच्या सह्या दुसरीकडे, असं आपल्या संसदेत क्वचितच घडतं. जिथे घडतं ती जागा म्हणजे समितीची खोली. तिथे कॅमेरा नसतो. पक्षादेशही नसतो. एकतीस माणसं कागद समोर ठेवून सचिवांना प्रश्न विचारतात आणि त्या एकतिसांत कुणाला किती वेळ बोलू द्यायचं, कुणाला साक्षीला बोलवायचं, कुठल्या गावात जायचं, हे ठरवण्यात सगळ्यात मोठा वाटा अध्यक्षाचा असतो.

या लेखाचा विषय ती अध्यक्षाची खुर्चीच आहे. पर्यावरणावर नजर ठेवणाऱ्या संसदीय समितीच्या अध्यक्षाने ती खुर्ची मतं मागून मिळवायला हवी, असं माझं म्हणणं आहे. आणि हे म्हणण्यासाठी अमरावती-अकोल्याइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.

*

आधी ती खुर्ची आज कशी मिळते ते पाहू. १९८९ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पहिल्यांदा विषयवार समित्या नेमल्या. त्या तीनच होत्या : शेती, विज्ञान व तंत्रज्ञान, आणि पर्यावरण व वने. म्हणजे पर्यावरणाला पहिल्याच पंगतीत पान मिळालं होतं. १९९३ मध्ये सगळ्या मंत्रालयांना व्यापणाऱ्या सतरा विभागीय स्थायी समित्या आल्या, २००४ मध्ये त्या चोवीस झाल्या. प्रत्येकीत एकतीस सदस्य : लोकसभेचे एकवीस, राज्यसभेचे दहा. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. मुदत एक वर्षाची. पर्यावरण आज ज्या समितीकडे आहे तिचं नाव विज्ञान आणि तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल समिती असं लांबलचक आहे. म्हणजे अणुऊर्जा, अवकाश, प्रयोगशाळा आणि जंगल यांना मिळून एकच टेबल.

चोवीसपैकी आठ समित्या राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीत येतात. पर्यावरणाची समिती त्यांतलीच. सभापती म्हणजे उपराष्ट्रपती. अध्यक्ष कोण, हे ते नेमून देतात, आणि नेमणूक राज्यसभेच्या सदस्याची होते. कोणती समिती कोणत्या पक्षाकडे हे त्याआधी पक्षांच्या वाटाघाटीत ठरलेलं असतं. टी. सुब्बरामी रेड्डी, अश्वनीकुमार, रेणुका चौधरी, आनंद शर्मा, जयराम रमेश आणि २०२४ मध्ये आलेले भुवनेश्वर कलिता ही या खुर्चीवरची अलीकडची नावं. यांतल्या काहींनी मनापासून काम केलं. रेणुका चौधरी अध्यक्ष असताना ऑगस्ट २०१७ मध्ये जनुकीय पिकांच्या पर्यावरणावरच्या परिणामांविषयीचा तीनशे एकावा अहवाल आला. पारदर्शक, स्वतंत्र तपासणीशिवाय नवं जनुकीय पीक देशात आणू नये, असं त्यात होतं. माझी तक्रार या माणसांबद्दल नाही. त्या खुर्चीसाठी त्यांच्यापैकी एकालाही इतर खासदारांकडे जाऊन ‘मला मत द्या, मी अमुक तपासणार आहे’ असं म्हणावं लागलं नाही, ही माझी तक्रार आहे.

लोकसभेतून निवडून आलेल्या अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या खासदाराला तर ही खुर्ची चालू प्रथेत मिळूच शकत नाही. तो सदस्य होऊ शकतो, अध्यक्ष नाही. अमरावतीचे डॉ. अनिल बोंडे २०२२ पासून राज्यसभेत आहेत, तेव्हा वऱ्हाडातल्या माणसाची नेमणूक नियमाने अशक्य नाही. पण ती नेमणूकच असेल. मेळघाटातल्या, पूर्णेच्या खोऱ्यातल्या मतदारांनी थेट निवडून दिलेल्या माणसाला मेळघाटावर आणि पूर्णेवर नजर ठेवणारी समिती चालवता येत नाही, ही रचना मला पटत नाही.

लोकलेखा आणि अंदाज समितीत थोडी वेगळी व्यवस्था आहे. तिथले सदस्य एकल संक्रमणीय मतपद्धतीने निवडले जातात, असं नियम सांगतो. प्रत्यक्षात पक्ष जागांइतकीच नावं देतात आणि निवड बिनविरोध होते. अध्यक्ष तिथेही नेमलेलाच. १९६७ मध्ये स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले तेव्हापासून ते पद विरोधी पक्षाकडे ठेवण्याचा पायंडा पडला. चांगला पायंडा आहे. पण तो पायंडाच आहे.

*

आपल्या समितीपद्धतीवर ज्या वेस्टमिन्स्टरची छाप आहे, तिथे गेल्या पंधरा वर्षांत हे चित्र पालटलं. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने १९९७ मध्ये पर्यावरणाच्या लेखापरीक्षणासाठी स्वतंत्र समिती स्थापली. ती एका मंत्रालयाच्या मागे नाही. पर्यावरणाचं नुकसान पर्यावरण मंत्रालयात होत नाही, ते रस्ते, ऊर्जा, अर्थ, शेती, आरोग्य यांच्या टेबलांवर होतं, हे ओळखून या समितीला सगळ्या सरकारच्या कागदांत डोकावण्याचा अधिकार दिला गेला. सुरुवातीला तिचे अध्यक्षही पक्षांच्या प्रतोदांच्या खोलीतच ठरत.

खासदारांच्या भत्त्यांच्या घोटाळ्यानंतर २००९ च्या नोव्हेंबरात टोनी राइट यांच्या समितीने सुधारणा सुचवल्या आणि २०१० पासून बहुतेक समित्यांचे अध्यक्ष सगळ्या सभागृहाच्या गुप्त मतदानाने निवडले जाऊ लागले. कोणत्या समितीचं अध्यक्षपद कोणत्या पक्षाकडे हे संख्याबळाने आधी वाटून घेतात. मग त्या पक्षातले इच्छुक उभे राहतात आणि मत मात्र सगळे खासदार देतात, पसंतीक्रमाने. पर्यावरण समितीच्या पहिल्या निवडून आलेल्या अध्यक्ष मजूर पक्षाच्या जोन वॉली. पुढे ह्यू इरांका-डेव्हिस, मेरी क्रेग, फिलिप डन आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून टोबी पर्किन्स.

याने काय फरक पडला? फिलिप डन सत्ताधारी हुजूर पक्षाचे. जानेवारी २०२० मध्ये निवडून आले. त्यांच्या समितीने इंग्लंडच्या नद्यांत सांडपाणी सोडणाऱ्या पाणी कंपन्यांची चौकशी लावली आणि जानेवारी २०२२ च्या अहवालात आपल्याच सरकारच्या यंत्रणेला धारेवर धरलं. मेरी क्रेग यांच्या समितीने २०१६ मध्ये साबण आणि फेसवॉशमधल्या प्लॅस्टिकच्या बारीक कणांवर बंदी मागितली आणि २०१८ च्या जानेवारीत अशी उत्पादनं बनवण्यावर तिथे बंदी आली. अध्यक्षाला आपल्या पक्षाची मतं पुरत नाहीत, समोरच्यांचीही लागतात. म्हणून उमेदवार आधीच लेखी सांगतो की मी कशाची चौकशी लावीन. ते सांगणं त्याच्या गळ्यात अडकतं, आणि पुढे प्रतोदाने डोळे वटारले तरी त्याची खुर्ची प्रतोदाच्या हातात नसते. २००१ मध्ये तिथल्या सत्ताधारी पक्षाने ग्विनेथ डनवूडी आणि डोनाल्ड अँडरसन या दोन अध्यक्षांना यादीतून वगळलं होतं, तेव्हा सभागृहाने ती यादी फेटाळून दोघांना परत आणलं. पुढच्या सुधारणेचं बी तिथे पडलं.

नेमलेल्या जागी निवडलेला माणूस आणण्याचा अनुभव आपल्यालाही नवा नाही. केंद्रीय विधिमंडळाचे पहिले अध्यक्ष फ्रेडरिक व्हाइट गव्हर्नर जनरलने नेमले होते. ऑगस्ट १९२५ मध्ये सभागृहाने पहिल्यांदा आपला अध्यक्ष निवडला. विठ्ठलभाई पटेल ५८ विरुद्ध ५६ मतांनी आले. वऱ्हाडचे लोकनायक बापूजी अणे त्या वेळी त्याच सभागृहात होते. दोन मतांनी निवडून आलेल्या विठ्ठलभाईंनी पुढे सरकारपुढे ज्या ताठपणे खुर्ची चालवली, तो ताठपणा नेमणुकीच्या कागदातून येत नाही.

*

सभापतीची निवडणूक म्हणजे काय, हे अमरावती-अकोल्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हापासून विषय समित्यांचे सभापती सदस्यांच्या मतांनी निवडले जातात. त्या निवडणुकीचे दिवस आले की सदस्य एकदम सहलीला जातात, फोन बंद होतात, मतदानाच्या सकाळी गाडी थेट झेडपीच्या फाटकात येते. अकोल्यात प्रकाश आंबेडकरांच्या पक्षाने जिल्हा परिषद वर्षानुवर्षं राखली ती अशाच एकेका मताच्या हिशेबावर. हे चित्र फार सुंदर नाही, आणि दिल्लीतही निवडणूक आली की घोडेबाजार आलाच, असं कुणी म्हणालं तर ते खोडून काढणं सोपं नाही.

तरीही मी निवडणुकीच्या बाजूने आहे. झेडपीत सभापतिपद म्हणजे गाडी, दालन, निधी. सत्तेचा तुकडा वाटून घ्यायचा असल्यामुळे तिथे ओढाताण होते. संसदीय समितीच्या अध्यक्षाकडे वाटायला निधी नसतो, त्याच्याकडे असते ती फक्त चौकशीची दिशा. पक्षांचा वाटा आधी ठरलेला असेल आणि मत गुप्त असेल, तर सहलीला नेऊन काय मिळणार? आणि झेडपीच्या सगळ्या ओढाताणीतही एक गोष्ट खरी आहे. सभापतीला आपण कुणाच्या मतांवर आलो हे माहीत असतं, आणि सदस्य सभेत उभा राहून त्याला जाब विचारतो. मध्यंतरी तोही दरवाजा बंद झाला. अमरावती झेडपीची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, अकोल्याची २०२५ च्या सुरुवातीला, आणि दोन्हीकडे प्रशासक आले. गावच्या नळयोजनेवर जाब विचारायला सभागृहच उरलं नाही, तेव्हा लोकांना त्या ओढाताणीचीही किंमत कळली.

*

दिल्लीत अशी निवडणूक झालीच आणि वऱ्हाडचा एखादा खासदार उभा राहिला, तर आपल्या निवेदनात त्याने काय लिहावं?

पहिल्या ओळीत खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीचं खोरं पसरलं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचून तयार झालेलं हे खोरं शेकडो मीटर गाळाने भरलं आहे आणि त्या गाळात मीठ अडकून पडलं आहे. वरून पाहावं तर जमीन काळी, कसदार, उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगांची. विहीर खणावी तर पाणी खारं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, आणि तेच पाणी वावरात सोडलं की काही हंगामांत मातीवर पांढरी पापडी धरते. काळी माती चोपण होते, पाणी मुरत नाही, निचरा होत नाही. म्हणून नदीकाठची जमीन असूनही इथली शेती पावसाच्या भरवशावर. गावागावांत मुतखड्याचे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण. लग्न जुळवताना पाहुणे पाणी गोडं की खारं हे विचारतात, इतका हा प्रश्न घरात शिरलेला आहे.

आता हा प्रश्न कुणाच्या टेबलावर? भूजल जलशक्ती मंत्रालयाकडे. माती कृषी मंत्रालयाकडे, आणि शेततळी, जिप्सम, निचऱ्याचं संशोधन अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे. मूत्रपिंड आरोग्य मंत्रालयाकडे. नळयोजना राज्याच्या पाणीपुरवठा विभागाकडे. गोडं पाणी आणायचं तर वान धरणातून. त्या पाण्यावर तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांचं सिंचन अवलंबून, म्हणून बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांच्या योजनेला तेल्हाऱ्यात विरोध झाला. एका तालुक्याची तहान आणि दुसऱ्या तालुक्याची शेती समोरासमोर उभी राहिली. यात खोटं कुणीच नाही. पण भूजल, माती, मूत्रपिंड आणि नळ हे चारही कागद एका टेबलावर ठेवून चार सचिवांना एकाच दिवशी बसवणारी जागा देशात कुठे आहे? सगळ्या सरकारच्या आरपार पाहणारी पर्यावरण समिती हवी, असं मी म्हणतो ते या खाऱ्या पाण्यामुळे.

दुसरी ओळ फवारणीची. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने बीटी कापसालाही दाद दिली नव्हती. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, दाट, आणि तिच्यात शिरून पाठीवरच्या पंपाने औषध मारायचं. वारा फिरला की फवारा तोंडावर येतो. उकाड्यात अंगरखा घामाने भिजलेला असतो, आणि भिजल्या कापडातून विष कातडीत लवकर उतरतं. बहुतेक मजूर भूमिहीन. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली.

त्याच वर्षी अमरावतीचे तेव्हाचे खासदार आनंदराव अडसूळ लोकसभेच्या रसायने आणि खते समितीचे अध्यक्ष होते. वऱ्हाडच्या खासदाराकडे संसदीय समितीची खुर्ची होती, आणि ती रसायनांची होती. तरीही नियमांचं जाळं असं आहे की कीटकनाशकाचं उत्पादन रसायन विभागाकडे आणि नोंदणी मात्र १९६८ च्या कायद्याने कृषी मंत्रालयाच्या मंडळाकडे. मजुराची सुरक्षा श्रम मंत्रालयाकडे, उतारा आरोग्याकडे, उरलेलं विष पाण्यात उतरलं तर प्रदूषण मंडळाकडे. एका डब्याचे पाच मालक. त्या डब्यावरचं लेबल वाचून पाहा. इवल्याशा अक्षरांत, अनेक भाषांत सूचना दिलेल्या असतात आणि धोक्याची पातळी एका रंगीत त्रिकोणात. लाल, पिवळा, निळा, हिरवा यांचा अर्थ गावातल्या मजुराला कुणी कधी सांगितला? विषय संसदेच्या दृष्टीने तुकड्यातुकड्यांत वाटलेला असतो, माणूस मात्र अख्खा मरतो.

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण ती अकोल्याचीच आहे. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेच्या हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं कापसाचं बियाणं उघडपणे लावलं. त्या वेळच्या कायद्याने पाच वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो हे माहीत असून लावलं. निंदणाची मजुरी परवडत नाही, जगातला शेतकरी जे वापरतो ते आम्हाला का नाही, असा त्यांचा सवाल होता. भांबराजाचे शेतकरी आणि अकोली जहागीरचे शेतकरी एकाच कपाशीच्या पट्ट्यातले आहेत. मला स्वतःला तणनाशकाची भीती अधिक वाटते. पण निवडून आलेला अध्यक्ष असेल तर त्याने दोन्ही गावांत गेलं पाहिजे, आणि अकोटच्या शेतकऱ्यांना साक्षीला बोलावलं पाहिजे, कारण त्यांनी आपलं म्हणणं लपवलेलं नाही.

तिसरी ओळ धरणाच्या पाण्याची. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ अप्पर वर्धा धरण आहे. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतल्या औष्णिक वीज प्रकल्पाला, जो अमरावतीत अजूनही ‘सोफिया’ म्हणून ओळखला जातो, त्या धरणातलं ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालं. सिंचनाचा अनुशेष उरावर घेऊन बसलेल्या विभागात हा निर्णय मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीत झाला. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अस्तित्वात असताना असे निर्णय त्याच्या बाहेर झाले, आणि २०११ मध्ये कायदा बदलून ते पक्के केले गेले. अमरावतीत मोर्चे निघाले, न्यायालयात याचिका झाल्या, प्रकल्प उभा राहिला. १३५० मेगावॉट. प्रकल्पाला पर्यावरणाची मंजुरी देणारं मंत्रालय दिल्लीत, पाणी देणारी समिती मुंबईत आणि कोरडा कालवा मोर्शी-तिवशात. दिल्लीच्या अध्यक्षाला मुंबईच्या समितीला जाब विचारता येत नाही, हे खरं. पण पाण्याचा हिशेब न पाहता मंजुरी दिली कशी, हे त्याला पर्यावरण मंत्रालयाला विचारता येतं.

चौथी ओळ लिहायला आनंद वाटावा अशी आहे. अकोला-खंडवा ही मीटरगेज रेल्वे मेळघाटातून जात होती. धुळघाटला रूळ वळसा घेऊन स्वतःच्याच वरून जात. १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला मेळघाट हा महाराष्ट्राचा पहिला. त्याच्या पोटातून जाणारा सुमारे ३९ किलोमीटरचा पट्टा ब्रॉडगेज करायचा की मार्ग बाहेरून न्यायचा, यावर कित्येक वर्षं वाद झाला. वन्यजीव मंडळ, सर्वोच्च न्यायालयाची समिती, उच्च न्यायालय, रेल्वे असा तो फिरत राहिला. जंगलाच्या आतली गावं वाघासाठी उठवली आणि तिथूनच वेगवान गाडी नेणार का, हा प्रश्न वन्यजीव अभ्यासकांनी लावून धरला. २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहिलं, आणि शेवटी जळगाव जामोदकडून सुमारे तीस किलोमीटर लांबचा मार्ग रेल्वेने स्वीकारला. अकोला ते अकोट ब्रॉडगेज गाडी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. वाघाचं रान वाचलं आणि जळगाव जामोदच्या लोकांना रेल्वेची आशा लागली. पण यासाठी वऱ्हाडातल्या माणसांना किती दारं ठोठावावी लागली!

*

हे सगळं नेमलेल्या अध्यक्षालाही करता येईल, असं कुणी म्हणेल. करता येईल. पण २०२३ चा अनुभव आठवावा. वनसंवर्धन कायद्यातली दुरुस्ती २९ मार्च २०२३ ला लोकसभेत आली. विषय सरळ पर्यावरण समितीचा. अध्यक्ष होते जयराम रमेश, स्वतः माजी पर्यावरणमंत्री, विरोधी पक्षाचे. विधेयक त्यांच्या समितीकडे गेलं नाही. त्यासाठी नवी संयुक्त समिती बनली, राजेंद्र अग्रवाल तिचे अध्यक्ष. रमेश यांनी लेखी निषेध नोंदवला. संयुक्त समितीचा अहवाल जुलैत आला, विरोधी सदस्यांच्या भिन्नमतपत्रिका जोडलेल्या, आणि विधेयकात बदल एकही नाही. २६ जुलैला लोकसभेत, २ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर. त्याआधी जैवविविधता कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयकही असंच संयुक्त समितीकडे गेलं होतं. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. पाचशेहून अधिक खासदारांच्या मतांवर आलेल्या अध्यक्षाला असं बाजूला सारणं सरकारला जड गेलं असतं, कारण त्याला बाजूला सारणं म्हणजे त्याला मत दिलेल्या आपल्याच खासदारांना बाजूला सारणं झालं असतं.

देशात पर्यावरणाच्या समितीचा अध्यक्ष निवडून यावा असं नियमाने ठरवलं गेलं ते एका पायरीवर, आणि ती सगळ्यात खालची आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालच्या केंद्राच्या २००४ च्या नियमांत ग्रामपंचायत स्तरावरच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष सदस्यांतून निवडावा, असं लिहिलं होतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तंबी दिल्यावर २०२० पर्यंत महाराष्ट्रात जवळपास सगळीकडे या समित्या कागदावर तरी आल्या, पण लोकजैवविविधता नोंदवही पुरी करून कुलुपात ठेवून देणं एवढ्यावरच कित्येक ठिकाणी काम थांबलं. जिथे गावाने समिती आपली मानली तिथे काय होतं ते पायविहीरने दाखवलं. मेळघाटच्या पायथ्याशी, परतवाड्याजवळच्या या गावाला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याने १९३ हेक्टर उजाड जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने चराईबंदी केली, समतल चर खणले, झाडं लावली, रखवाली वाटून घेतली. २०१४ मध्ये गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. त्या रानातली सीताफळं गाव स्वतः विकतं. तिथे ग्रामसभेत कुणीही उठून समितीला हिशेब विचारू शकतो.

दिल्लीत हे करायला घटनादुरुस्ती लागत नाही. घटनेच्या ११८ व्या कलमाने प्रत्येक सभागृह आपल्या कामकाजाचे नियम स्वतः बनवतं. समित्यांच्या अध्यक्षांची नेमणूक या नियमांतच आहे. नियम समितीने बदल सुचवायचा आणि सभागृहाने तो स्वीकारायचा. सोबत आणखी दोन दुरुस्त्या कराव्या लागतील. मुदत एक वर्षाऐवजी लोकसभेच्या मुदतीइतकी करायची, कारण खारपाणपट्ट्याचे चार सचिव एका टेबलावर आणायलाच वर्ष निघून जातं. आणि पर्यावरणाला अणुऊर्जा-अवकाशापासून वेगळं काढून त्याच्या समितीला सगळ्या मंत्रालयांचे कागद मागवण्याचा अधिकार द्यायचा, आणि तिचा अध्यक्ष दोन्ही सभागृहांतल्या कुणालाही होता येईल असं करायचं. हा प्रस्ताव मांडायला एक खासदार पुरतो. अमरावतीचा खासदार सध्या विरोधी बाकांवर बसतो, अकोल्याचा सत्ताधारी. पूर्णा दोघांच्याही मतदारसंघांतून वाहते, तेव्हा दोघांनी मिळून सही केली तर प्रस्ताव कुणा एका पक्षाचा राहणार नाही.